चाळिशीनंतर वजन कमी करताना स्नायू कसे राखावेत

चाळिशी ओलांडल्यावर वजन कमी करायला निघालेली माणसे बहुधा वजनकाट्यावर उभी राहून सुरुवात करतात. माझ्या मते ती शिंप्याकडच्या टेपने करावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर, श्वास सहज सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता टेप गुंडाळावी. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानली जाते. हात-पाय सडपातळ असूनही पोटात चरबी साठण्याकडे आपल्या शरीरांचा कल असतो आणि मधुमेह, हृदयविकार यांचा संबंध त्या चरबीशी अधिक असतो. दर पंधरा दिवसांनी, सकाळी काही खाण्यापूर्वी हे माप घेऊन कालनिर्णयावर लिहून ठेवावे.

वय झाले की चयापचय मंदावते, असे आपण सर्रास म्हणतो. मात्र २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील सहा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात असे दिसले की, शरीराचे आकारमान आणि त्यातील चरबी-स्नायूंचे प्रमाण हिशेबात घेतले तर विशीपासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जाखर्च जवळजवळ स्थिर असतो. या काळात घटतात ते स्नायू आणि दिवसभरातली हालचाल. झोपही कमी होते, आणि स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या सुमारास चरबी मांड्या-नितंबांकडून पोटाकडे सरकते. अशा वेळी जेवण एकदम तोडले, तर चरबीबरोबर उरलेले स्नायूही जातात, आणि पुढे वाढणाऱ्या वजनात चरबीच अधिक असते. म्हणून या वयात वजन उतरवण्याची रीत ठरवताना स्नायू टिकतील ना, हा प्रश्न प्रत्येक पायरीवर विचारावा.

उद्दिष्ट माफक ठेवावे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढेच ध्येय दिले होते. सुमारे तीन वर्षांत त्या गटातील मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले आणि साठीपुढच्या लोकांना तर त्याहून अधिक लाभ झाला. ७५ किलो वजनाच्या माणसासाठी याचा अर्थ सुमारे पाच किलो. ते सहा महिन्यांत उतरले तरी उत्तम म्हणावे.

आता ताटाकडे वळू. आपल्या घरांतले रोजचे जेवण सकस असते, पण त्यात धान्याचा वाटा फार मोठा असतो: सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी तीन-चार पोळ्या आणि वर भात, संध्याकाळी चहाबरोबर फरसाण, रात्री पुन्हा पोळी-भात. आमटी बहुतेकदा इतकी पातळ की वाटीभर घेऊनही डाळ दोन चमचेच पोटात जाते. ६० किलो वजनाच्या माणसाला रोज किमान ५० ग्रॅम प्रथिने हवीत, आणि वजन उतरवताना त्याहून थोडी अधिक असणे इष्ट. ती मिळवण्यासाठी परके पदार्थ लागत नाहीत. ५० ग्रॅम मूग भिजवून वाटून केलेल्या धिरड्यांत सुमारे १२ ग्रॅम, मटकीच्या घट्ट उसळीच्या वाटीत सात-आठ ग्रॅम, मोठी वाटीभर दह्यात पाच, एका अंड्यात सहा आणि ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. मासे खाणाऱ्यांचे काम याहून सोपे आहे, फक्त ते तळण्याऐवजी कालवणात किंवा तव्यावर थोड्या तेलात करावेत. वाढताना आधी कोशिंबीर, भाजी आणि उसळ घ्यावी, मग दोन पोळ्या किंवा एक भाकरी. भात हवा असेल तर एक पोळी कमी करावी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

तेलाचा हिशेब पातेल्यात लागत नाही, डब्यावर लागतो. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे ४० मिलिलिटर तेल, म्हणजे तीनशेहून अधिक कॅलरी जातात. महिन्याचे तेल अडीच-तीन लिटरच भरावे आणि फोडणीला बुधलीतून न ओतता मोजून चमच्याने घ्यावे. घडीच्या पोळीऐवजी फुलका केला तर घडीतले तेलही वाचते. दाण्याचे कूट पौष्टिक असले तरी तेही मुठीने टाकण्याचा पदार्थ नव्हे.

उपवासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. उपवास करायचाच तर ताक, फळे, राजगिरा आणि मोजके दाणे यांवर करावा. दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत महाराष्ट्रात अनेकांनी स्वीकारली आहे, आणि मधले चरणे थांबल्यामुळे कित्येकांना ती मानवते. मात्र त्या दोन जेवणांत उसळ-दही-भाजी पुरेशी हवी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी असा बदल डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतल्याशिवाय करू नये, कारण साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते.

व्यायाम म्हणजे चालणे, असे आपल्याकडे समीकरणच झाले आहे. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा गतीने चालावेच. परंतु स्नायू टिकवायला ते पुरेसे नाही. आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा, आणि तो घरातही होतो. भक्कम, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, तिच्या कडेशी बसावे, पावले खांद्यांइतकी अंतरावर ठेवून हातांची घडी घालावी आणि हातांचा आधार न घेता उठून उभे राहावे; बसताना मात्र धपकन न बसता मनात तीन मोजत हळू टेकावे. असे दहा वेळा, थोडी विश्रांती घेऊन तीनदा. त्याच बैठकीत भिंतीला तळवे टेकवून जोर काढावेत आणि पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या दोन्ही हातांत घेऊन खांद्याच्या वर उचलाव्यात. शेवटच्या दोन फेऱ्या जड जाईनाशा झाल्या की वजन वाढवावे, नाहीतर स्नायूंना वाढण्याचे कारण उरत नाही. गुडघे दुखत असतील तर उंच खुर्चीपासून सुरुवात करावी. छातीत दुखणे किंवा धाप लागणे असा त्रास असेल, तर तपासणी आधी करून घ्यावी.

रात्रीचे जेवण साडेसात-आठला उरकून सात तास झोप मिळेल असे पाहावे, कारण अपुऱ्या झोपेनंतर दुसऱ्या दिवशी भूक आणि गोडाची ओढ दोन्ही वाढतात.

तीन-चार महिन्यांनी काटा हलेनासा होतो, आणि नेमके तेव्हाच पुष्कळ लोक सोडून देतात. हलक्या झालेल्या शरीराला मुळात कमी ऊर्जा लागते, म्हणून असे होते. तेव्हा आधी कालनिर्णयावरचे आकडे पाहावेत. कंबर कमी होत असेल तर काहीही बदलू नये. तीही थांबली असेल, तर आठवडाभर खाल्लेले सगळे, चहाबरोबरच्या बिस्किटांसह, लिहून काढावे, रात्रीची एक पोळी कमी करावी आणि चालण्यात रोज दहा मिनिटांची भर घालावी. तरीही वजन उतरत नसेल आणि थकवा, बद्धकोष्ठ किंवा थंडी सहन न होणे अशी लक्षणे असतील, तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी.