जुने प्रयोगवाले अल्बम आणि नवी चांगली प्रेमगीतं कशी शोधायची

"बेस्ट एक्सपेरिमेंटल अल्बम" किंवा "नवीन रोमँटिक मराठी गाणी" असं टाकलं की तीच ठरलेली नावं फिरून फिरून समोर येतात, त्यामुळे मूड टाकून शोधूच नका, माणूस टाकून शोधा. म्हणजे काय, एक अल्बम आवडला की तो कोणी वाजवलाय, कोणी लिहिलाय ते बघायचं आणि त्यातलं एक नाव धरून पुढे निघायचं, बास.

जुन्या अल्बमसाठी सुरुवात माझ्या मते शंकर-जयकिशनच्या रागा जॅझ स्टाइलपासून करा, १९६८चा आहे. सतार रईस खान, सॅक्सोफोन मनोहारी सिंग, पण मला त्याहून भारी वाटतं ते बाकीची नावं वाचताना, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो, तबल्यावर रमाकांत म्हापसेकर, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाशेको, म्हणजे मुंबईच्या फिल्म स्टुडिओत रोज वाजवणारी मंडळी, त्यात गोव्याची बरीच, आणि या लोकांना नीट क्रेडिट फार कमी वेळा मिळालं. डिस्कॉग्स या रेकॉर्डची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर यातल्या कोणत्याही नावावर क्लिक केलं की तो माणूस अजून कुठल्या रेकॉर्डवर आहे ते दिसतं. यादी प्रत्येक वेळी पूर्ण नसते, पण वाट सापडते.

दुसरं नाव चरणजित सिंग. हेही फिल्म इंडस्ट्रीतले वादक, १९८२ मध्ये त्यांनी सिंथेसायझरवर दहा राग डिस्को बीटवर वाजवले, रोलंड कंपनीची टीबी-३०३ (बेसचा आवाज काढणारं) आणि टीआर-८०८ (ड्रमचा) ही मशीन वापरून, तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये रेकॉर्ड परत निघाली आणि जग चकित झालं, कारण शिकागोत १९८७च्या आसपास ज्या इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकला अ‍ॅसिड हाउस म्हणायला लागले तसाच आवाज इथे आधीच होता. आता एक करून बघाच, दोन्ही अल्बममध्ये मालकंस आहे, हेडफोन लावून एकामागोमाग एक ऐका, आधी ६८चा मग ८२चा. एकच राग पण दोन वेगळ्या दुनिया, आणि अशा ऐकण्यातूनच आपल्याला नक्की काय आवडतं ते कळतं, मग शोधणं सोपं होतं.

नावाची साखळी किती लांब जाते बघा. रूपा बिस्वासचा डिस्को जॅझ, १९८२, कॅनडात कॅल्गरीला रेकॉर्ड झालेला, त्यात सरोद आशिष खानचं. आशिष खान धरले की शांती बँडचा १९७१चा अल्बम सापडतो, त्यात तबल्यावर झाकीर हुसेन, आणि झाकीरभाई धरले की शक्ती बँडचा १९७६चा अल्बम, त्यात गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन. एका डिस्को रेकॉर्डवरून आपण जॉन मॅक्लॉफ्लिनपर्यंत आलो!

प्रत्यक्ष रेकॉर्ड हवी असेल तर मुंबईत चोर बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. कव्हर बघून भुलू नका, आधी तबकडी बाहेर काढून उजेडात तिरकी धरा, नखाला लागेल एवढा ओरखडा असेल तर सोडून द्या. आणि मागची बाजू वाचल्याशिवाय ठेवू नका, विकत घेणार नसलात तरी तिचा फोटो काढा, नावं तिथेच असतात.

प्रेमगीतांना पण हाच नियम, फक्त इथे वादकाऐवजी गीतकार धरायचा. गायकाचं नाव टाकलं की त्याची सगळी गाणी येतात, नाचाची, आरतीची, जाहिरातीची सुद्धा, पण गीतकाराची भाषा आवडली की ती पुढच्या गाण्यात पण भेटते. जोगवातलं जीव दंगला आवडलं तर गायकांबरोबर संजय कृष्णाजी पाटील हे नाव पण शोधा, सर सुखाची श्रावणी आवडलं तर गुरू ठाकूर. सर्च करताना देवनागरीत टाका, "गीतकार" हा शब्द जोडा, आणि रिझल्टमध्ये लोफाय, स्लोड-रिव्हर्बचा (गाणं हळू करून, घुमवून केलेल्या रिमिक्सचा) कचरा येत असेल तर तो शब्द मायनसचं चिन्ह लावून काढा. यूट्यूबवर डिस्क्रिप्शन उघडा, स्पॉटिफायवर गाण्याच्या तीन टिंबांत क्रेडिट्स असतात. गाणं पहिल्यांदा व्हिडिओ न बघता ऐका, कारण हिरो-हिरॉइन आणि ड्रोन शॉट्समुळे साधं गाणं पण मोठं वाटतं, आणि नुसतं ऐकून दुसरा अंतरा पण आवडला तरच प्लेलिस्टमध्ये टाका.