मुलांच्या संस्थेत अंतर्गत संवादाचे काम हाती घेण्यापूर्वीची तयारी

मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत अंतर्गत संवादाची, म्हणजे कर्मचाऱ्यांपर्यंत माहिती पोचवण्याची आणि त्यांचे म्हणणे ऐकण्याची, जबाबदारी घेणाऱ्याने रुजू होताच पहिली मागणी पगारपत्रकाची करावी. रकमा झाकून दिले तरी चालेल. नाव, हुद्दा, कामाचे ठिकाण आणि मोबाइल क्रमांक एवढे पुरे. हे पत्रक आणि मुख्यालयाची ई-मेल यादी शेजारी शेजारी ठेवली की पहिला धक्का बसतो. बालगृहातल्या गृहमाता, रात्रपाळीचा पहारेकरी, स्वयंपाकघरातल्या मावशी, गाडीचालक, वस्तीत मानधनावर वर्ग घेणाऱ्या ताई यांपैकी बहुतेकांना संस्थेचा ई-मेल पत्ताच नसतो, आणि मुलांच्या सर्वांत जवळ दिवसरात्र हीच माणसे असतात. म्हणून पत्रकाच्या कडेला आणखी तीन रकाने आखून घ्यावेत: फोन बटणांचा आहे की स्मार्ट, तो स्वतःचा आहे की घरात सामाईक, आणि घरी बोलली जाणारी भाषा कोणती. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज कुठल्या टेकडीवर मिळते हे तिथल्या कार्यकर्त्याला ठाऊक असते. ते विचारून लिहून ठेवावे.

त्यानंतर निदान दोन केंद्रांवर प्रत्येकी एक पूर्ण दिवस काढावा आणि त्या दिवशी काहीही लिहून पाठवू नये. बातमी प्रत्यक्षात कशी फिरते एवढेच पाहावे. माझ्या अनुभवात संस्थेचे सर्वांत वाचले जाणारे बातमीपत्र म्हणजे गाडीचालक. मुख्यालयात काय शिजते आहे हे परिपत्रक निघण्याच्या दोन दिवस आधी तो केंद्रावर सांगून मोकळा झालेला असतो. त्याच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. त्याला खरी माहिती वेळेवर मिळेल अशी व्यवस्था करावी.

आता ज्या कामासाठी तयारीचा निम्मा वेळ राखून ठेवावा, त्याकडे येतो. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 याचे कलम 74 स्वतः वाचावे, कोणाकडून ऐकून घेऊ नये. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा विधिसंघर्षग्रस्त (कायदा मोडल्याचा आरोप असलेल्या) बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटू शकेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास ते मनाई करते, आणि त्यात वृत्तपत्रांबरोबर बातमीपत्रके व संपर्काची इतर साधनेही येतात. उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘हे तर आपल्याआपल्यातले आहे’ हे वाक्य कार्यालयात फार ऐकू येते. शंभर जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली गोष्ट आपल्याआपल्यातली राहत नाही. ग्रंथालयात किंवा सुट्टीच्या शिबिरात येणाऱ्या मुलांना हे कलम कदाचित लागू होणार नाही, पण संस्थेत दोन नियम ठेवले तर घाईच्या वेळी सैल असलेलाच पाळला जातो. सगळ्या मुलांसाठी एकच नियम ठेवावा.

हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. पूर्वीच्या एका संस्थेत जूनमध्ये गणवेश वाटप झाले आणि एका केंद्राने ग्रुपवर छायाचित्र टाकले. मी कौतुकाचा शेरा देऊन ते पुढच्या ग्रुपवर पाठवले. मुलांच्या खिशावर शाळेचे नाव स्पष्ट वाचता येत होते. ग्रुपमध्ये वर्षभरापूर्वी नोकरी सोडून गेलेले चार जण अजून होते, कारण त्यांना काढणे हे कोणाचेच काम नव्हते. ज्या नातेवाइकापासून एका मुलाला दूर ठेवले होते, त्याच्यापर्यंत शाळेचे नाव तिसऱ्या दिवशी पोचले. मुलाची शाळा बदलावी लागली. अशी अचानक शाळा बदलणे म्हणजे त्या वयात काय असते, हे सांगायला नको.

तेव्हापासून माझ्या यादीत काही गोष्टी पक्क्या आहेत. प्रत्येक ग्रुपचा ॲडमिन कोण आणि सदस्य कोण याची नोंद असावी, आणि राजीनाम्याच्या कागदांत ‘ग्रुपमधून काढले’ अशी एक ओळ वाढवून घ्यावी. मुलांची छायाचित्रे ग्रुपवर नकोतच. ती ठेवण्याची एक जागा ठरवावी आणि ती पाहण्याचा अधिकार मोजक्यांना असावा. नाव बदलले म्हणजे ओळख लपली असे मानू नये. चाळीस घरांच्या पाड्यावरची ‘नऊ वर्षांची, आई ऊसतोडीला गेलेली मुलगी’ असे लिहिले की सगळ्या पाड्याला ती कळते. अंतर्गत बातमीपत्रात यशोगाथा छापायची असेल तर गाव, वय आणि प्रसंग यांपैकी दोन गोष्टी धूसर कराव्यात, आणि मूल वाचू शकत असेल तर मजकूर आधी त्याला दाखवावा.

दुसरा कायदा पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012. त्याच्या कलम 19 नुसार असा अपराध घडल्याची माहिती किंवा घडण्याची धास्ती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा असून, हाताखालच्या व्यक्तीकडून झालेला अपराध संस्थाप्रमुखाने कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. यात संवादाचे काम करणाऱ्याचा संबंध काय, असे वाटेल. संबंध भिंतीवरच्या पत्रकाचा आहे. अनेक ठिकाणी ‘काहीही संशयास्पद आढळल्यास प्रथम वरिष्ठांना कळवा’ एवढेच लिहिलेले असते, आणि गृहमाता प्रामाणिकपणे वरिष्ठांच्या परतण्याची वाट पाहत बसते. ते पत्रक काढून पोलिसांचा उल्लेख पहिल्या ओळीत असलेले नवे लावावे. मजकूर संस्थेच्या बालसंरक्षण अधिकाऱ्याकडून आणि वकिलाकडून तपासून घ्यावा. शब्द आपले असले तरी जबाबदारी त्यांची आहे. तक्रार झाल्यानंतर कर्मचाऱ्यांना काय सांगायचे याचा तीन-चार ओळींचा मसुदाही तयार ठेवावा: बाब पोलिसांकडे दिली आहे, कोणीही मुलाला प्रश्न विचारू नयेत, चर्चा करू नये, पत्रकार आल्यास अमुक व्यक्तीकडे पाठवावे.

त्याच पत्रकावर 1098, म्हणजे मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक, असेल. हा क्रमांक 1996 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतील एका प्रकल्पातून सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. 2023 पासून त्याची व्यवस्था टप्प्याटप्प्याने शासनाकडे गेली. क्रमांक तोच राहिला, फोन उचलणारी माणसे बदलली. जुन्या कार्यकर्त्यांच्या डोक्यात मात्र अजून ‘आपल्या त्या ताई’ असतात. म्हणून जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती यांचे सध्याचे क्रमांक स्वतः फोन लावून तपासावेत आणि पत्रकावर तपासल्याची तारीख लिहावी.

भाषेची तयारी वेगळी करावी लागते. जुन्या कार्यालयांतील फायली श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतात. त्या मोबाइलवर अगम्य चिन्हांच्या रांगा होऊन उघडतात, त्यामुळे सगळा नेहमीचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा टंकपद्धतीत, आणून घ्यावा. बटणांच्या फोनवर एसएमएस पाठवताना देवनागरीत एका संदेशात 70 अक्षरचिन्हेच बसतात, रोमनमध्ये 160 बसतात. काना-मात्राही त्यात मोजल्या जातात, तेव्हा ‘सविस्तर’, ‘सदर’, ‘अनुषंगाने’ हे शब्द आपोआप गळून पडतात, आणि ते बरेच होते. मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया बोलणाऱ्या सहकाऱ्यांसाठी लेखी अनुवादापेक्षा तिथल्याच कार्यकर्त्याच्या आवाजातली दीड मिनिटाची ध्वनिफीत जास्त उपयोगी पडते. आणि ‘लाभार्थी’ हा शब्द अहवालासाठी राहू द्यावा. सहकाऱ्यांशी बोलताना मुलांना मुलेच म्हणावे.

पैशाच्या बातम्यांसाठी वेगळे टाचण हवे. निधीचे करार बहुधा आर्थिक वर्षाला बांधलेले असतात, त्यामुळे जानेवारी उजाडला की ‘प्रोजेक्ट बंद होणार म्हणे’ ही कुजबुज सुरू होते. 2020 मध्ये परकीय योगदान कायद्यात (परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा, एफसीआरए) बदल होऊन त्या निधीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली आणि परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी झाली, तेव्हा भागीदार संस्थांतील कार्यकर्त्यांचे मानधन रातोरात प्रश्नात पडले. असा बदल समोर दिसला की लेखापालाकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: कोणत्या केंद्राला फटका आहे, कोणत्या महिन्यापर्यंत पगाराची खात्री आहे, आणि पुढचा निर्णय कोणत्या तारखेला होणार. निर्णय झालेला नसेल तर तसे सांगावे आणि तारीख द्यावी. देणगीदाराला किंवा वर्तमानपत्राला कळण्याआधी कर्मचाऱ्यांना कळले पाहिजे, अगदी तासाभराचे अंतर असले तरी, असे विश्वस्तांकडून पहिल्याच भेटीत मान्य करून घ्यावे. संकट आल्यावर ते कोणी मान्य करत नाही.

दिनदर्शिकेचे काम एका दुपारचे आहे. शाळा उघडण्याचा जूनमधला आठवडा, दसरा-दिवाळीनंतर सुरू होणारे ऊसतोडीचे स्थलांतर, 14 आणि 20 नोव्हेंबर (बालदिन आणि जागतिक बालदिन), मार्चअखेर या खुणा करून त्या काळात सर्वेक्षणे, प्रश्नावल्या आणि ‘आपले मत कळवा’ असली पत्रे पाठवायची नाहीत असे ठरवावे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीचा आदेश प्रत्येक केंद्रावर लावलेला आहे का, हे त्याच फेरीत पाहून घ्यावे.

खालून वर येणाऱ्या बोलण्याची वाट मात्र घाईने आखू नये. तक्रारपेटी ठेवली की तिची किल्ली कोणाकडे असते हेच कर्मचारी आधी पाहतात. त्यापेक्षा दर महिन्याला एका केंद्रावर फोन करून, अधीक्षक समोर नसताना, गृहमातांचे ऐकावे आणि आलेल्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या पत्रकात नावाशिवाय द्यावीत, ‘अजून उत्तर मिळालेले नाही’ हेही उत्तर म्हणून छापावे. एखादे मूल दगावते किंवा अचानक दुसऱ्या जिल्ह्यात हलवले जाते, तेव्हा त्याला रोज जेवू घालणाऱ्या माणसांना ते हजेरीपटावरून कळू नये. त्यांना प्रत्यक्ष कोण सांगणार, त्या व्यक्तीचे नाव आधीच ठरलेले असावे.

एवढे झाल्यावर पहिले परिपत्रक लिहावे आणि पाठवण्यापूर्वी ते स्वयंपाकघरातल्या मावशींना वाचून दाखवावे. उद्यापासून काय करायचे ते त्यांनी आपल्या शब्दांत सांगितले तर पाठवावे. त्या नुसत्या ‘बरं’ म्हणाल्या तर घरी नेऊन पुन्हा लिहावे.