विमानातून हिमालय बघायचाय? आधी बाजू ठरवा, मग सीट

सिक्कीम-दार्जिलिंगला जाणारी आपली बरीच मंडळी विमानाने बागडोगऱ्याला उतरतात. दिल्लीहून हा प्रवास साधारण दोन तासांचा. हवा स्वच्छ असेल तर या वाटेवर धौलागिरी, एव्हरेस्ट, मकालू, कांचनजंगा अशी शिखरं ओळीने दिसतात. पण ती दिसतात विमानाच्या एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला बसलेल्यांच्या वाट्याला गंगेचं सपाट मैदान येतं. म्हणून नुसती ‘विंडो’ मिळाली यावर समाधान मानू नका.

पहिलं काम नकाशाचं. निघण्याचं आणि पोहोचण्याचं ठिकाण मनात एका रेषेने जोडा आणि जे बघायचंय ते रेषेच्या कुठल्या अंगाला येतं ते पाहा. दिल्ली-बागडोगरा म्हणजे पूर्वेचा प्रवास. पूर्वेकडे तोंड केलं की उत्तर डाव्या हाताला, म्हणून जाताना डावीकडची ‘ए’ सीट आणि परतताना उजवीकडची ‘एफ’. दिल्ली-काठमांडूलाही हेच लागू. मुंबईहून गोव्याला जाताना समुद्र उजवीकडे आणि सह्याद्री डावीकडे. मोठ्या, दोन मार्गिकांच्या विमानात उजव्या खिडकीचं अक्षर बदलतं, तेव्हा सीटचा नकाशा बघूनच बुकिंग करा. विमान रोज नेमकं कुठून जातं हे फ्लाइटरडार24 या संकेतस्थळावर दिसतं. आदल्या दिवसाची फेरी तिथे बघून ठेवावी.

मग वेळ. हिमालयासाठी सकाळचंच विमान घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी. दिवस चढतो तसे डोंगरांवर ढग जमतात. पाऊस सरल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये फार आशा ठेवू नका. उन्हाचाही विचार हवा. मुंबई-दिल्लीसारख्या उत्तरेच्या प्रवासात सकाळी उजवीकडे ऊन येतं, संध्याकाळी डावीकडे. ऊन काचेवर आलं की तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा चमकतो आणि बाहेरचं फिकं पडतं.

आता ओळ. एअरबस 320 किंवा बोइंग 737 मध्ये मधल्या ओळींतून खाली बघितलं की पंखच दिसतो. पंखाच्या पुढची जागा उत्तम. मागे बसलात तर इंजिनच्या गरम हवेमुळे दृश्य थरथरतं आणि फोटो धूसर येतात. पुढच्या सीटला जास्त पैसे लागत असतील तर अगदी शेवटच्या ओळी घ्या, मधल्या नकोत. बऱ्याच 737 विमानांत पंखाच्या थोडं पुढे अशी एखादी ओळ असते, जिथे ‘विंडो’ सीटला खिडकीच नसते. त्या जागी भिंतीतून वातानुकूलनाची नळी गेलेली असते. एटीआर या छोट्या, पंख्यांच्या विमानात पंख खिडक्यांच्या वर असतो, त्यामुळे जमीन छान दिसते.

योग्य सीटवर बसूनही अनेकांना शिखरं दिसत नाहीत, कारण ते खाली बघत राहतात. विमान साधारण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असतं आणि एव्हरेस्ट 8,848 मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ किलोमीटर. शिवाय ते दीड-दोनशे किलोमीटर लांब. म्हणून नजर सरळ, क्षितिजावर ठेवा. तिथे पांढरा पट्टा दिसेल आणि पहिल्यांदा तो ढगच वाटेल. नीट पाहा: ढगाच्या कडा मऊ असतात, आकार बदलतो. शिखराची कड धारदार असते आणि बर्फावर निळसर सावल्यांचे त्रिकोण दिसतात. एव्हरेस्टच्या पुढ्यात ल्होत्से-नुप्त्सेची भिंत आहे, त्यामुळे त्याचा फक्त माथा वर दिसतो. त्याच्या उजवीकडचा मकालू जवळ असल्याने जास्त भरदार वाटतो. बागडोगरा जवळ येताना जो रुंद, अनेक शिखरांचा डोंगर दिसतो तो कांचनजंगा. मोबाइल फ्लाइट मोडमध्ये असला तरी खिडकीशी धरल्यावर जीपीएस बहुतेक वेळा लागतं, तेव्हा ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून ठेवा. आपण कुठे आहोत ते कळलं की शिखर ओळखता येतं.

फोटो काढताना फ्लॅश बंद करा, लेन्स काचेच्या अगदी जवळ न्या, पण टेकवू नका. विमानाची थरथर कॅमेऱ्यात उतरते. गडद रंगाचा शर्ट घातला तर काचेत प्रतिबिंब कमी पडतं. हे सगळं विमान उंचावर असतानाच उरका. खाली उतरू लागलं की मैदानावरच्या धुरकटात शिखरं हरवतात. आणि बागडोगरा हा हवाई दलाचा तळ आहे, तिथे फोटोला मनाई असते. उतरण्याआधीच कॅमेरा पिशवीत ठेवा.