कंदीलफुलांचे हरितलवक जीनोम शेजारी मांडताना

सह्याद्रीतल्या सेरोपेजियाच्या, म्हणजे कंदीलफुलांच्या, जाती ताडून बघायच्या तर कंद उपटू नका. परवानगी घेऊन एक पान खुडा, सिलिका जेलमध्ये वाळवा. यातल्या कित्येक जाती मोजक्याच जागी उरल्यात.

सिक्वेन्सिंगनंतर, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून झाल्यावर, गेटऑर्गनेल या प्रोग्रामने तुकड्यांची जुळणी केली की हरितलवकाचा, म्हणजे पानातल्या हिरव्या कणांचा, जीनोम (सगळा डीएनए) मिळतो: दीड लाखाहून जास्त बेसजोड्यांचं, म्हणजे डीएनएच्या अक्षरजोड्यांचं, वर्तुळ. त्यात एक मोठा एकेरी भाग, एक छोटा आणि दोघांमध्ये एकाच तुकड्याच्या, परस्परांच्या उलट बसलेल्या दोन सारख्या प्रती असतात.

आता जपून. छोटा भाग एकाच रोपात सुलट आणि उलट, दोन्ही रूपांत असतो. म्हणून प्रोग्राम दोन उत्तरं देतो आणि दोन्ही बरोबर असतात. मी एका जातीचं एक रूप घेतलं, दुसरीचं दुसरं, आणि आठवडाभर वीसेक हजार बेसचा तुकडा उलटलाय असं समजत राहिले. आधी सगळ्यांची सुरुवात आणि दिशा एकसारखी करा, मगच माफ्ट, म्हणजे क्रम एकाखाली एक जुळवून मांडणारा प्रोग्राम, चालवा.

कुठलं जनुक कुठे आहे याची नोंद गेसेक या प्रोग्रामने होते, पण वायसीएफ-1 हे जनुक हाताने तपासाच. ते छोटा भाग आणि दुहेरी प्रत यांच्या सीमेवर बसतं, त्यामुळे त्याचा एक अर्धवट तुकडा दुसऱ्या सीमेवरही दिसतो.

फरक शोधायला डीएनएएसपी या प्रोग्राममध्ये 600 बेसची खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा तुकडा, 200-200 ने सरकवा. दोन जनुकांच्या मधल्या जागा आलेखात उंच शिखरांसारख्या दिसतील. जाती ओळखायच्या खुणा तिथेच शोधा.

वंशवृक्षासाठी दुहेरी प्रतींपैकी एक काढून टाका, नाहीतर तेच फरक दोनदा मोजले जातात. हरितलवक बहुधा आईकडूनच येतो. संकराची शंका असेल तर केंद्रकातली जनुकंही बघा.