राउटर लावला, लाईट लागले, तरी नेट नाही? या चुका टाळा

आमच्या नातेवाइकांत कुणाचंही नेट बंद पडलं की पहिला फोन मला येतो, नेट देणाऱ्या कंपनीला नंतर. आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "अरे वायफाय चालत नाहीये". मी विचारतो वायफाय चालत नाहीये की नेट चालत नाहीये, की समोर दोन सेकंद शांतता, आणि मग "दोन्ही एकच ना?"

एकच नाही हो. फोनपासून राउटरपर्यंत जे जातं ते वायफाय, राउटरपासून पुढे कंपनीपर्यंत जातं ती लाईन, आणि त्या लाईनवर राउटरने कंपनीकडे लॉगिन करणं हे तिसरंच काम. फोनमध्ये वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात याचा अर्थ राउटर जवळ आहे, एवढाच. त्याच्या मागची केबल उंदराने खाल्ली असली तरी दांड्या फुलच दिसणार. खाली ज्या चुका लिहितोय त्यातल्या बहुतेक अशाच होतात, अडलेलं असतं एका ठिकाणी आणि आपण खटपट करत बसतो दुसऱ्याच ठिकाणी.

रिस्टार्ट म्हणजे रिसेट नाही

ही चूक मी स्वतः करवून घेतली आहे म्हणून सगळ्यात आधी. मावशीचं नेट बंद पडलं होतं, मी घाईत होतो, फोनवरच म्हणालो,

"मावशी, एकदा रिसेट करून बघ."

"कुठून करू?"

"मागे बटण असेल बघ."

"बटण नाही दिसत, बारीक भोक आहे. पिन घालू का?"

मी दुसऱ्याच कामात, हो म्हणून गेलो. थोड्या वेळाने मावशी म्हणाली, "अरे सगळे लाईट एकदम लागून विझले", आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते भोक फॅक्टरी रिसेटचं. पिन दहा-एक सेकंद दाबून धरली की राउटर दुकानातून आणला तेव्हा होता तसा कोरा होतो, वायफायचं नाव गेलं, पासवर्ड गेला, आणि मुख्य म्हणजे कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड आतमध्ये टाकलेलं होतं ते पण गेलं. मूळ बिघाड लाईनचा होता, तो तासाभरात आपोआप दुरुस्त झाला, पण मावशीचं नेट दुसऱ्या दिवशी दुपारी आलं कारण ते युजरनेम कुणाकडेच लिहिलेलं नव्हतं आणि मी जुने मेल उपसत बसलो होतो.

रिस्टार्ट करायचा तर नुसता प्लग काढा. अर्धा मिनिट थांबा, लगेच काढून लगेच घालू नका. कंपनीची लाईन ज्याला जोडलेली असते तो मॉडेम किंवा फायबरचा डबा वेगळा असेल तर आधी तो चालू करा, त्याचे लाईट स्थिर होऊ द्या, दोनेक मिनिटं जातात, आणि मग राउटर. उलट्या क्रमाने केलं तर काही वेळा राउटर आधी जागा होऊन लाईन शोधतो, सापडत नाही, आणि तसाच रुसून बसतो.

केबल चुकीच्या भोकात

राउटरच्या मागे बहुधा पाच भोकं असतात, चार एका रंगाची आणि एक वेगळं. ते वेगळं म्हणजे वॅन पोर्ट, काहींवर नुसतं इंटरनेट लिहिलेलं असतं. बाहेरून आलेली केबल त्यातच गेली पाहिजे. बाकीचे चार लॅन पोर्ट, घरातला कॉम्प्युटर, टीव्ही वगैरे जोडायला. आकाराने पाचही सारखे, केबल कुठेही टक करून बसते, त्यामुळे टक आवाज आला म्हणजे बरोबर लागली असं समजू नका. काही नवीन राउटरमध्ये कुठलंही भोक चालतं, राउटर स्वतः ओळखतो, पण तुमचा तसला आहे का ते राउटरच्या खोक्यावर बघून घ्या.

गंमत म्हणजे चुकीच्या भोकात घातली तरी कधीकधी नेट चालतं. कंपनीचा डबा स्वतःच आयपी (नेटवर्कमधला प्रत्येक उपकरणाचा आकडी पत्ता) वाटत असेल तर लॅन पोर्टमधून घुसून तो घरातल्या फोनना आयपी देतो, आणि तुमचा राउटर पण देत असतो. मग ज्याला कंपनीच्या डब्याने दिला त्याचं नेट चालतं, ज्याला राउटरने दिला त्याचं नाही. घरात एकाचं चालतंय एकाचं नाही, आणि उद्या बरोबर उलटं, असं झालं की आधी मागची केबल बघा.

आणि एक, मोकळी लोंबणारी केबल "कुठेतरी लावून ठेवू" म्हणून दोन्ही टोकं एकाच राउटरच्या लॅन पोर्टात घालू नका. साध्या राउटरमध्ये त्याने गोल फेरा तयार होतो आणि घरातलं सगळं नेटवर्क गुदमरतं, लाईट वेड्यासारखे एकत्र लुकलुकतात. आवराआवर करताना हे अगदी सहज होतं.

राउटरचं पान उघडत नाही

सेटिंगसाठी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकायचं असतं, नेमकं कुठलं ते राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतं. (आकडे इंग्रजी कीबोर्डनेच टाका, मी इथे मराठीत लिहिलेत म्हणून तसेच टाकू नका.) हे वरच्या पत्त्याच्या पट्टीत टाकायचं, सर्चच्या चौकटीत टाकलं तर हजार वेबसाईट दिसतील पण तुमचा राउटर नाही.

पण खरा घोळ वेगळाच असतो आणि तो कुणी सांगत नाही. नवीन राउटरला अजून नेट नाही, फोन वायफायला जोडला, फोनला कळतं इथे नेट नाही, की तो गुपचूप मोबाईल डेटावर जातो. आता तुम्ही १९२.१६८.१.१ टाकताय आणि फोन ते मोबाईल नेटवर शोधतोय, मग कसं उघडणार? सेटिंग करताना मोबाईल डेटा बंद करा, व्हीपीएन (नेट दुसऱ्याच वाटेने फिरवणारं ॲप) असेल तर तो बंद करा, आणि फोनने "या वायफायवर इंटरनेट नाही, तरी जोडून राहू का" असं विचारलं तर हो म्हणा.

तरीही उघडलं नाही तर फोनच्या वायफाय माहितीत गेटवे म्हणून जो आकडा दिसतो तो टाकून बघा, तोच राउटरचा खरा पत्ता. आणि कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला तर समजा की राउटरने त्याला आयपी दिलेलाच नाही, कॉम्प्युटरने स्वतःच एक लावून घेतलाय. केबल किंवा पोर्ट तपासा, वेबसाईट उघडत बसण्यात अर्थ नाही.

तीन पासवर्डची खिचडी

एक वायफायचा, जो पाहुणे मागतात. दुसरा राउटरच्या सेटिंगच्या पानाचा. तिसरा कंपनीच्या लॉगिनचा. तिन्ही वेगळे, आणि लोक तिन्ही ठिकाणी एकच टाकून बघतात आणि मग म्हणतात राउटर खराब आहे. काहीजण तर कंपनीच्या ॲपचा पासवर्ड टाकतात, तो चौथा.

दुसरा पासवर्ड जुन्या राउटरमध्ये अॅडमिन-अॅडमिन असाच येतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. तो बदला. वायफायच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडायची सोय) बंद करा. याच्यावर जास्त लिहीत नाही, दोन मिनिटांचं काम आहे.

कनेक्शनचा प्रकार न विचारता अंदाजाने निवडणं

सेटिंगच्या पानावर वॅनमध्ये तीन पर्याय दिसतात, डायनॅमिक आयपी, स्टॅटिक आयपी आणि पीपीपीओई. कुठला ते कंपनी ठरवते, आपण नाही. पीपीपीओई असेल तर युजरनेम-पासवर्ड लागतो, डायनॅमिकला काहीच लागत नाही, स्टॅटिकला कंपनीने दिलेले आकडे जसेच्या तसे. एकेक करून बघू म्हणून बसलात तर संध्याकाळ जाईल, कारण काही कंपन्या त्यावर व्हीलॅन आयडी (लाईनवरची वाहतूक वेगळी ओळखायचा आकडा) पण मागतात आणि तो आकडा अंदाजाने येत नाही. कनेक्शन घेतानाच विचारून ठेवा: प्रकार कुठला, युजरनेम काय, व्हीलॅन आहे का.

युजरनेम टाईप करताना शेवटी स्पेस पडते का ते बघा. फोनचा कीबोर्ड शब्द सुचवतो आणि वर एक स्पेस फुकट देतो, ती दिसत नाही, आणि लॉगिन नापास. पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होणं हा पण त्याच कीबोर्डचा उद्योग.

सगळं बरोबर टाकलंय तरी लागत नाही, असं जुना राउटर काढून नवीन लावला की हमखास होतं. दोन कारणं असू शकतात. एक, जुन्या राउटरचं लॉगिन कंपनीकडे अजून चालू धरलेलं असतं, ते सुटायला थोडा वेळ लागतो, पाच-दहा मिनिटं सगळं बंद ठेवा आणि मग लावा. दोन, कंपनीने जुन्या राउटरचा मॅक अॅड्रेस (म्हणजे त्या उपकरणाचा ओळख-क्रमांक) नोंदवून ठेवलाय आणि दुसऱ्या कुठल्या डब्याला ती दारात उभं करत नाही. मग कंपनीला फोन करून नवीन मॅक नोंदवा, किंवा राउटरमध्ये मॅक क्लोन असतं तिथे जुना टाका. म्हणून जुना राउटर फेकण्याआधी त्याच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा.

लागलं की नाही हे वेबसाईट उघडून नाही, राउटरच्या स्टेटस पानावर बघा. वॅन आयपीसमोर ०.०.०.० असेल तर लाईन किंवा लॉगिन अडलंय, वायफायचं नाव बदलून काही होणार नाही. तिथे खरा आकडा दिसतोय आणि तरी साईट उघडत नाहीत, तर डीएनएसवर (साईटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा) संशय घ्या, राउटरच्या डीएनएस सेटिंगमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा. काही साईट उघडतात काही अर्धवट लटकतात असं पीपीपीओईवर होत असेल तर एमटीयू (एका खेपेत किती बाइट जाऊ शकतात तो आकडा) बघा, तो १५०० नाही, १४९२ हवा, कारण पीपीपीओई स्वतःसाठी ८ बाइट खातं.

एकामागे एक दोन राउटर

कंपनीने लावलेला फायबरचा डबा बऱ्याचदा स्वतःच राउटर असतो. त्याच्यामागे आपण आपला आणखी एक लावतो, आणि दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१. आता राउटरला कळेना कोण घरातलं कोण बाहेरचं. नेट लागत नाही किंवा लागून तुटतं. सोपा उपाय, आपल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.५.१ असा काहीतरी वेगळा करा. त्याने नेट येईल, पण ऑनलाईन गेम किंवा घरचा कॅमेरा बाहेरून बघणं यात अडथळे येतील, कारण दोन दोन दारं झाली. ते नको असेल तर आपला राउटर अॅक्सेस पॉईंट मोडवर (नुसतं वायफाय देणं, राउटरचं काम नाही) टाका, किंवा कंपनीला सांगून त्यांचा डबा ब्रिज मोडवर (राउटरचं काम सोडून नुसती लाईन पुढे देणं) करून घ्या. ब्रिज केल्यावर लॉगिन तुमच्या राउटरमध्ये टाकावं लागतं हे विसरू नका, माझ्या भावाने विसरून कंपनीवर दोन दिवस आग ओकली होती.

फायबरची पिवळी वायर

फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा लाईट लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचतच नाहीये. तुमच्या सेटिंगचा यात काडीचा संबंध नाही, थेट तक्रार करा. फक्त त्याआधी डब्यामागे वायर कपाटाने चेपली आहे का, खिळ्याला करकचून वळवली आहे का ते बघा. आत काच असते, विजेच्या वायरसारखी दुमडून बांधायची नाही, वाटीएवढा गोल वळसा ठेवा. टोक काढून फुंकर मारू नका, बोट लावू नका, आणि त्यात डोळा लावून "प्रकाश येतोय का" बघू तर अजिबात नका, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण डोळ्यांत जातो.

स्पीड कमी आहे म्हणून भांडण्याआधी

प्लॅन १०० चा, डाउनलोड दिसतंय १२, आणि लोक फसवलं म्हणतात. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं, मध्ये आठाचा भागाकार. १०० भागिले ८, साडेबारा. बरोबर मिळतंय.

प्लॅन ३०० चा आणि केबल लावूनही ९४-९५ च्या वर जात नसेल तर मात्र काहीतरी आहे, आणि ते जवळपास नेहमी एकच असतं, कुठलातरी पोर्ट किंवा केबल १०० वाली आहे. गिगाबिटला (१००० मेगाबिट) केबलमधल्या आठही तारा लागतात, एक जरी तुटली किंवा जुन्या केबलला चारच जोडल्या असल्या तरी ती बऱ्याचदा १०० वर उतरते आणि चालू राहते, त्यामुळे संशयच येत नाही.

वायफायवर स्पीड मोजणार असाल तर ५ गिगाहर्ट्झवर जोडून, राउटरच्याच खोलीत उभं राहून मोजा. २.४ लांब जातं पण हळू असतं आणि शेजारच्यांच्या गर्दीत सापडतं, त्यात चॅनल १, ६ किंवा ११ यातलाच ठेवा. पण २.४ बंद करू नका, बरेच स्मार्ट बल्ब आणि प्रिंटर त्याच्यावरच चालतात.

आणि राउटर दर थोड्या वेळाने स्वतःच बंद होऊन चालू होत असेल तर अॅडाप्टर बघा. ९ व्होल्ट आणि १२ व्होल्टची पिन बऱ्याचदा सारखीच असते, साफसफाईत अदलाबदल होते. व्होल्ट तंतोतंत जुळला पाहिजे, अँपिअर लिहिलाय तेवढा किंवा जास्त.

मावशीच्या राउटरच्या खाली आता चिकटपट्टीने कागद लावलाय, युजरनेम, प्रकार, व्हीलॅन, मॅक, आणि सगळ्यात वर तिच्या अक्षरात मोठ्ठं लिहिलंय, "भोकात पिन घालू नये".