माळ्याची कडी किती उंच, तुळई किती जाड?

जुन्या नाशकात वाड्याची दुरुस्ती काढली की वखारीत पहिला प्रश्न येतो, "कडी तीन बाय पाच देऊ?" कडी म्हणजे माळ्याच्या फळ्या पेलणारं आडवं लाकूड, आकार इंचांत. मीही आमच्या माळ्यासाठी मान डोलावून तीच घेतली होती. वर्षभरात मधोमध बाक आला आणि कपाटाची दारं आपोआप उघडायला लागली. लाकूड चांगलं होतं, आकार चुकला होता.

सुरुवात गाळ्यापासून करा. कडीच्या दोन टेकणांमधलं मोकळं अंतर टेपने मोजा. कड्या नेहमी खोलीच्या आखूड बाजूनेच टाकाव्यात, लांब बाजूने टाकण्याचा मोह नको. आपण १० फूट, म्हणजे ३ मीटर गाळा धरू.

मग वजन. राहत्या खोलीसाठी भारतीय मानकाप्रमाणे माणसं आणि सामान मिळून दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात. फळ्या आणि कड्यांचे ५० मिळवले की झाले २५०. पण वाड्याच्या कडीपाटावर चार इंच मातीचा थर असेल, तर तो एकटाच १७० किलोच्या आसपास जातो. हौसेने दोन इंच मसाला घालून फरशी बसवली तर आणखी १०० किलो वाढतात. सुतार हे विचारत नाही, आपणच सांगायचं.

दोन कड्यांत दीड फूट, म्हणजे ०.४५ मीटर अंतर ठेवलं तर एका कडीवर मीटरमागे २५० × ०.४५, म्हणजे साधारण ११२ किलो येतात. आता सागवानासाठी हा हिशेब करा:

बाक (मिलिमीटर) = १५.३ × मीटरमागचे किलो × गाळा × गाळा × गाळा × गाळा ÷ (रुंदी × उंची × उंची × उंची)

गाळा मीटरमध्ये, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये. गाळा चार वेळा गुणला जातो, म्हणून तो दुप्पट झाला की बाक सोळा पट होतो. उलट, कडीखाली मधोमध पक्का आधार दिला तर तो जवळजवळ नाहीसाच होतो. बाक गाळ्याच्या ३६० व्या भागापेक्षा जास्त नको, म्हणजे ३ मीटरला ८.३ मिलिमीटर.

तीन बाय पाचची कडी रंधा मारल्यावर ७ × १२ सेंटिमीटर भरते आणि बाक येतो साडेअकरा मिलिमीटर. अडीच बाय सहाची भरते ५.८ × १४.५ आणि बाक येतो ७.९. दोन्हींचं घनफूट सारखंच, म्हणजे पैसेही तेवढेच! माझे पैसे नेमके इथे वाया गेले. म्हणून मागणी देताना रंध्याचा घास आधी धरा, आणि कडी उभीच बसवा. तीन बाय पाचची कडी आडवी टाकली तर बाक जवळजवळ तिप्पट होतो.

तुळई म्हणजे कड्यांची टोकं पेलणारं जाड लाकूड. तिचं गणित तेच, फक्त भार मोठा. समजा दोन्हीकडे १० फुटांच्या खोल्या आहेत आणि मधली १२ फुटी भिंत काढायची आहे. दोन्ही खोल्यांचा अर्धा-अर्धा भाग तुळईवर येतो, म्हणजे मीटरमागे ७५० किलो आणि वर तिचं स्वतःचं वजन. ३.६ मीटरला बाकाची मर्यादा १० मिलिमीटर. पाच बाय दहा इंचाची तुळई रंध्यानंतर काठावर नापास होते, सहा बाय दहाची पास होते. एवढं सागवान परवडत नसेल तर १७५ मिलिमीटरचा लोखंडी गर्डर चालतो. लाकडाचं प्रेम असलेल्यांना हे रुचत नाही, पण रात्री झोप शांत लागते.

प्रत्येक टोकावर जवळपास चौदाशे किलो येतात. तुळई नुसत्या विटांवर टेकवू नका. खाली घडीव दगड किंवा काँक्रीटचा ठोकळा द्या, आणि खांबावर टेकवत असाल तर खांबाखाली तळखडा, म्हणजे बैठकीचा दगड, हवाच. टेकण किमान सहा इंच, कडीला चार. टोकाभोवती थोडी हवा खेळू द्या. गोदाकाठच्या ओलसर भिंतीत टोकं आतून कुजतात आणि बाहेरून कळतही नाही.

पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान घेणार असाल तर भिंतीत गेलेली टोकं स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. मऊ लागलं तर तेवढं कापूनच मोजा. मधल्या तिसऱ्या भागात खालच्या कडेला गाठ असेल तर ती बाजू वर करून बसवा. वायरसाठी भोक पाडायचंच तर उंचीच्या मधोमध पाडा. खालच्या कडेला खाच घेणाऱ्या इलेक्ट्रिशियनला तिथेच थांबवा.

वर भिंत, छप्पर किंवा पाण्याची टाकी येत असेल तर हा हिशेब पुरत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. भिंत काढण्याआधी दोन्ही बाजूंच्या कड्यांना टेकू द्या, आणि तुळई पूर्ण बसून पाचर ठोकली जाईपर्यंत एकही टेकू हलवू नका.