घाण्यापासून सुरुवात करा: मध्ययुगीन इतिहास शिकायला बसणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी वहीत तीन रकाने आखले होते. हिंदू राज्ये, बौद्ध राज्ये, मुस्लिम राज्ये. प्रत्येक रकान्यात राजे, लढाया, देवळं किंवा विहार किंवा मशिदी, आणि सगळ्यात खाली ‘व्यापार’ असं लिहून दोन ओळी. लेखी परीक्षेत त्यावर भागलं. तोंडी परीक्षेत मात्र समोरच्या बाईंनी विचारलं, “संजाणचा मधुमती कुठल्या रकान्यात घालणार?” मला ते नदीचं नाव वाटलं आणि मी तसं सांगितलंही. बाई हसल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

त्या रात्री चिंचणीचे ताम्रपट उघडले. चिंचणी म्हणजे पालघर जिल्ह्यातली, वाणगाव स्टेशनावर उतरून जातात ती. तिथे सापडलेल्या पत्र्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा. राज्य राष्ट्रकूटांच्या तिसऱ्या इंद्राचं. पण संजाण मंडळाचा, म्हणजे आज गुजरातेत असलेल्या संजाण बंदराच्या मुलुखाचा, कारभार पाहणारा माणूस ताजिक, म्हणजे अरब. नाव मधुमती, ‘मुहम्मद’चं संस्कृत रूप. हे मंडळ त्याला आधीच्या राजाने, दुसऱ्या कृष्णाने दिलेलं. या मधुमतीने नद्यांवर फुकट होडी चालवली, संजाणात अन्नछत्र घातलं आणि तिथे भात, कालवण, तूप वाढायची सोय केली. ताम्रपट आहे तो एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेला (लहान मठाला) आणि तिथल्या देवीच्या पूजेला गाव दान दिल्याचा. अरब अधिकारी, कन्नड राजघराणं, संस्कृत लेख, देवीचा मठ. घाला आता रकान्यात.

राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट समुद्रापासून लांब, आतल्या पठारावर. राजाला बंदराची जकात हवी, पण जहाजं, नाखवे आणि पलीकडच्या किनाऱ्यावरची ओळख अरबांकडे. मग बंदरावर त्यांच्यातलाच माणूस बसवणं हा मला तरी सरळ व्यवहार वाटतो. अरब लेखक राष्ट्रकूट राजाला ‘बल्हरा’ म्हणतात (वल्लभराजाचा अपभ्रंश) आणि तो आपल्या लोकांशी चांगला वागतो असं आवर्जून लिहितात. त्यांच्यातलाच अल-मसूदी हिजरी ३०४ (इ. स. ९१६-१७) मध्ये सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला होता. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असं तो सांगतो. आकडा मोजून लिहिलेला नाही, अंदाजाचा आहे. पण वस्ती मोठी होती आणि तिचा स्वतःचा मुखिया होता, एवढं त्यावरून धरायला हरकत नाही.

आता कामाचं सांगते. ताम्रपट वाचताना नवा माणूस पहिल्या ओळीपासून सुरू करतो आणि वंशावळीत बुडतो. प्रत्येक राजा सिंहासारखा, प्रत्येकाने शत्रूंच्या बायकांना रडवलेलं. ते नंतर वाचा. आधी मंगलाचरण पाहून थेट शेवटाकडे या: काय दिलं, कुणाला दिलं, कशातून दिलं, साक्षीला कोण. दान मोडणाऱ्याला दिलेला शापही सोडू नका. शिलाहारांच्या, म्हणजे कोकणातल्या राजघराण्याच्या, दगडांवर तर हा शाप गाढवासकट कोरलेला असतो, गधेगाळ म्हणतात त्याला. शकात ७८ मिळवा, तिथी पौषाच्या मध्यापासून पुढची असेल तर ७९. हे मी एकदा विसरले आणि अख्ख्या निबंधात एका राजाला गादीवर बसण्याआधीच दान करायला लावलं.

शेवटाकडून वाचायला लागले तेव्हा मला घाणा दिसला.

चिंचणीच्याच पत्र्यांत शके ९५६ चा (इ. स. १०३४) आणखी एक आहे, शिलाहार अमलातला. संजाणच्या चामुंडराजाने मठिकेला एक तेलाचा घाणा दिला. त्या तेलाने देवीपुढे दिवा लावायचा आणि मठात येणाऱ्या विद्वानांच्या पायांना तेल चोळायचं. हे दान ज्यांना कळवलं त्यांच्यात ‘हंजमन’ आहे, म्हणजे बहुधा पारशांची अंजुमन (पंचायत), आणि अलिय्य, महर, मधुमत अशी नावंही आहेत. दिवा देवीचा, पण बंदरावरच्या सगळ्या मातब्बरांना त्याची खबर द्यावी लागत होती. घाण्यावरचा हक्क हलला की गावातल्या पैशाची वाट बदलते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसरा घाणा सापडला वेरावळच्या लेखात, इ. स. १२६४ चा, एक संस्कृत आणि एक अरबी. होर्मुझचा नाखुदा (जहाजमालक) नुरुद्दीन फिरोज याने सोमनाथ पाटणाच्या वेशीबाहेर जमीन घेऊन मशीद बांधली. तिच्या खर्चासाठी जी मिळकत लावून दिली, तीत दोन दुकानं आणि एक घाणा आहे. सोमनाथचा बडा माणूस श्रीछाड याला लेखात फिरोजचा ‘धर्मबांधव’ म्हटलंय. संस्कृत लेख सुरू होतो विश्वनाथाला नमन करून, विश्वरूप आणि शून्यरूप अशा शब्दांत. मशिदीची देखरेख करणाऱ्या जमातींत नाखुदे आहेत, चुना भाजणारे आहेत आणि चक्क घांची, म्हणजे तेलीही आहेत. उरलेला पैसा मक्का-मदिनेला पाठवायचा. तारीख चार कालगणनांत दिली आहे: हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५, सिंह १५१. करार करणारे जेवढे, तेवढी पंचांगं. आणि हे त्याच गावात, जिथे १०२६ मध्ये गझनीचा महमूद येऊन गेला होता.

इथे माझी दुसरी चूक झाली. सगळं व्यापारानेच चालायचं, धर्म नुसता मुखवटा, असं मी सेमिनारमध्ये ठोकून दिलं. नव्या मुलांचं हे हमखास होतं, रकाने मोडले की दुसऱ्या टोकाला जातात. मला जमिनीवर आणलं ते तमिळ किनाऱ्यावरच्या नागपट्टिणमने. सुमात्रा-मलायाच्या श्रीविजयाचे राजे बौद्ध. त्यांनी चोळांच्या बंदरात चूडामणी विहार बांधवला आणि शैव राजराजाने १००६ च्या सुमारास आनैमंगलम् गाव त्या विहाराला दिलं. तो करार लायडेन ताम्रपट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकवीस पत्र्यांवर आहे. आणि १०२५ मध्ये राजराजाच्या मुलाने, राजेंद्राने, त्याच श्रीविजयावर आरमार घातलं. विहाराचं दान आणि बंदरांची लूट, दोन्ही एकाच समुद्री वाटेवरची. तरीही विहार राहिला, त्याला पुढेही दानं मिळाली. नुसत्या नफ्यावर हे उलगडत नाही, नुसत्या भक्तीवरही नाही.

बहमनींचं थोडक्यात. महमूद गवान इराणातल्या गिलानचा व्यापारी, दाभोळ बंदरात उतरला आणि पुढे वजीर झाला. त्याची पदवीच ‘मलिक-उत्-तुज्जार’, व्यापाऱ्यांचा राजा. त्याने बीदरला मदरसा बांधला, तो १४७२ चा. १४८१ मध्ये सुलतानाच्या हुकुमाने त्याचं मुंडकं उडालं. दरबारात दख्खनी आणि परदेशी असा तट पडला होता. दोन्हीकडे मुसलमानच, तेव्हा ‘मुस्लिम राज्य’ हा रकाना इथेही तुमच्या कामाला येत नाही.

सुरुवात कुठून करावी, असं मला मुलं विचारतात. मुंबईच्या आसपास असाल तर कान्हेरीला जा, पण पावसाळ्यातल्या गर्दीत नको. शिलाहार काळातले लेख आहेत त्या गुंफांशी थांबा. शके ७७५ च्या लेखात गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या बौद्ध उपासकाने शंभर द्रम्म (त्या काळचं नाणं) कायमनिधी म्हणून ठेवले आहेत. वर राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष, ज्याचा ओढा जैनांकडे. खाली कोकणात कपर्दी, शिलाहार. अक्षरं पहिल्या दिवशी एकही लागणार नाहीत, मला लागली नव्हती. वाचन छापील घेऊन जा, बोट ठेवायला ‘द्रम्म’ हा शब्द शोधा, आणि जाताना टॉर्च आठवणीने घ्या.